मॅग्नेट उतरलेला नसतो

जुन्या स्पीकरविषयी एक मत आपल्याकडे इतकं रुजलं आहे की त्याला कुणी मत म्हणतही नाही. स्पीकरचं आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचं, असं ते मत. त्यानंतर मॅग्नेट उतरतो, कोनचा कागद मऊ पडतो, आवाज बसतो. पार्ट मिळत नाहीत आणि मिळाले तरी दुरुस्तीनंतर पहिला आवाज येत नाही. तेव्हा पेट्या भंगारात द्याव्यात आणि साउंडबार घ्यावा. नाशिकच्या एम. जी. रोडवर हे ऐकायला मिळतं, गंगापूर रोडच्या नव्या फ्लॅटमध्ये सामान लावताना ऐकायला मिळतं, आणि इलेक्ट्रिकल इंजिनियरिंग शिकलेली माणसंही त्यावर मान डोलावतात. या मताचा एकही टप्पा तपासणीत टिकत नाही, हे मला इथे दाखवायचं आहे.

आधी पूर्वपक्ष त्याच्या सर्वात बळकट रूपात मांडला पाहिजे. या मताच्या लोकांकडे नुसता आळस नाही, अनुभव आहे. काकांनी आखातातून आणलेल्या जपानी पेट्या, किंवा १९७० मध्ये कोलकात्यात सुरू झालेल्या सोनोडाइनसारख्या देशी कंपनीच्या पेट्या, त्यांनी स्वतःच्या कानांनी खराब होताना ऐकल्या आहेत. दुकानात देऊन पाहिल्या, पैसे मोजले, आणि परत आलेला आवाज खरोखर वाईट होता. शिवाय नव्या छोट्या स्पीकरमध्ये डिजिटल प्रक्रिया असते आणि तळहाताएवढ्या डबीतून खोली भरेल असा आवाज येतो, तेव्हा कपाटाएवढ्या पेट्या कशाला सांभाळायच्या? हे सगळे मुद्दे प्रामाणिक आहेत. त्यांची निरीक्षणं खरी आहेत. निष्कर्ष चुकले आहेत.

सुरुवात मॅग्नेटपासून करतो, कारण सगळा युक्तिवाद त्याच्यावर उभा आहे. वूफरच्या, म्हणजे खालचे स्वर काढणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, पाठीमागे जी काळी, जड, गोल चकती दिसते ती बहुतेक घरगुती स्पीकरांत फेराइटची असते. लोहाच्या ऑक्साइडबरोबर बेरियम किंवा स्ट्रॉन्शियम घालून भट्टीत भाजलेला हा पदार्थ मातीच्या भांड्यांच्या जातीचा. त्याचं चुंबकत्व नाहीसं व्हायला साधारण ४५० अंश सेल्सिअस तापमान लागतं. त्याच्या पोटात मागेपुढे हलणाऱ्या कॉइलचा डिंक आणि तारेवरचा मुलामा त्याच्या निम्म्या तापमानाच्या आसपासच हार मानतात. म्हणजे मॅग्नेटला धक्का पोचायच्या कितीतरी आधी कॉइल जळून जाते. दिवाणखान्याच्या तापमानात, अगदी नाशिकच्या चाळीस अंशांच्या एप्रिल-मेमध्येसुद्धा, काही दशकांत फेराइटमध्ये कानाला कळेल अशी घट होत नाही.

एक अपवाद मान्य करतो. त्याआधीच्या पिढीत अल्निकोचे मॅग्नेट असत, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टच्या मिश्रधातूचे. १९७८ मध्ये झाईरच्या शाबा प्रांतात लढाई पेटली, जगाचा कोबाल्ट मोठ्या प्रमाणात तिथूनच येत असे, भाव भडकले आणि स्पीकर बनवणाऱ्या कंपन्या भराभर फेराइटकडे वळल्या. अल्निको थोडा नाजूक असतो. अ‍ॅम्प्लिफायरमधून अचानक प्रचंड प्रवाह आला किंवा कुणी मॅग्नेट त्याच्या लोखंडी घरातून सुटा केला, तर त्याचं बळ काही अंशी कमी होऊ शकतं. म्हणून अल्निकोच्या बाबतीत पूर्वपक्षाला थोडी जागा आहे.

पण ती जागा किती? समजा चुंबकीय क्षेत्र १० टक्क्यांनी घटलं. त्याचा पहिला परिणाम असा की त्याच व्होल्टेजला आवाज सुमारे ०.९ डेसिबलने कमी होतो. एवढा फरक दोन स्पीकर शेजारी ठेवून लगोलग ऐकले तरी कानाला जेमतेम कळतो. दुसरा परिणाम जास्त महत्त्वाचा आहे. हलणाऱ्या कोनला लगाम घालण्याचं काम मॅग्नेट करतो आणि तो लगाम क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. क्षेत्र १० टक्क्यांनी घटलं की लगाम १९ टक्क्यांनी सैल होतो. लगाम सैल झाला की मधल्या स्वरांच्या मानाने खालचे स्वर फुगतात, घुमतात, लांबतात. थोडक्यात, मॅग्नेट अशक्त झाला तर बास वाढल्यासारखा वाटतो. आणि लोक काय सांगतात? ‘बास गेला, म्हणजे मॅग्नेट उतरला.’ ज्या लक्षणावरून हे निदान करतात ते लक्षण त्या रोगाचं नाहीच, उलट आहे. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात बसून हे गणित पक्कं मांडलं. आज जगातला जवळजवळ प्रत्येक स्पीकर त्याच गणितावर बेतला जातो. आपल्याकडच्या दुकानांतली म्हण मात्र तशीच राहिली.

मग बास जातो कुठे? पहिलं आणि सर्वात वारंवार आढळणारं कारण तर दोषच नव्हे. दिवाळीआधी रंगकाम निघतं किंवा घर बदलतं, पेट्या हलतात, तारा सुटतात आणि जोडताना एका पेटीची लाल-काळी तार उलटी लागते. आता एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. खालच्या स्वरांच्या लाटा लांबलचक असतात, त्या खोलीत एकमेकींना खाऊन टाकतात. गायकाचा आवाज दोन पेट्यांच्या मध्ये उभा राहायचा, तो आता कुठूनच येत नाही. एका मिनिटाचं काम, पण या एका चुकीपायी सुस्थितीतल्या पेट्या भंगारात गेल्याची उदाहरणं मला माहीत आहेत. तपासायला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल पुरतो. धन टोक लाल खुंटीला आणि ऋण टोक काळ्या खुंटीला क्षणभर टेकवलं की वूफर बाहेर उडी मारतो. दोन्ही पेट्यांचे वूफर एकाच दिशेला उडी मारत असले की झालं. (जेबीएलचे जुने वूफर याच्या उलट, आत जातात. कंपनीची ती पूर्वापार पद्धत होती, त्यामुळे दोन्ही पेट्यांची एकमेकींशी तुलना करणं हाच खरा निकष.)

दुसरं कारण मात्र खरा आजार आहे, आणि सगळा गैरसमज त्याच्यातून जन्मला आहे. कोनच्या बाहेरच्या कडेला, कोन आणि लोखंडी चौकटीच्या मध्ये, एक लवचीक गोल पट्टी असते. तिला सराउंड म्हणतात. १९७० च्या दशकापासून पुष्कळ कंपन्यांनी ही पट्टी पॉलियुरेथेन फोमची केली. निवड वाईट नव्हती. फोम हलका असतो, मऊ असतो आणि कोनच्या कडेला पोचणारी थरथर तो शोषून घेतो. पण जो फोम वापरला गेला त्यातल्या बऱ्याचशा फोमच्या रेणूंत एस्टर बंध असतात आणि हवेतल्या ओलाव्याने ते बंध तुटतात. तुटताना आम्ल तयार होतं, ते आम्ल पुढच्या बंधांची मोडतोड आणखी वेगाने करतं. म्हणून असा फोम बरीच वर्षं चांगला दिसतो आणि मग बघता बघता बोट लावलं की चिकट भुगा होतो. वापराशी याचा संबंध फार थोडा. खोक्यात बांधून ठेवलेला स्पीकरही असाच जातो. ‘आम्ही तर कधी लावलाच नाही, तरी गेला’ ही तक्रार म्हणूनच खरी असते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे लवकर घडतं. नाशिकची हवा त्या मानाने कोरडी, पण पावसाळ्याचे चार महिने पुरेसे आहेत, आणि इगतपुरीकडे गेलात तर विचारायलाच नको.

फोम फाटला की कोनच्या पुढची हवा आणि मागची हवा एकत्र होते, खालचे स्वर जागच्या जागी विरतात, कोन वाकडा होतो आणि कॉइल फटीच्या भिंतीला घासून खरखर करते. आवाज बसल्याची जेवढी म्हणून वर्णनं आहेत ती सगळी इथे लागू पडतात. आणि या सगळ्यात कॉइल धड आहे, कोन धड आहे, मॅग्नेट धड आहे, आतला स्पायडर म्हणजे कोनला सरळ धरून ठेवणारी नालीदार कापडी चकती धड आहे. गेली आहे ती काही ग्रॅम वजनाची एक पट्टी. तबल्याची पुडी फाटली म्हणून आपल्याकडे कुणी खोड टाकून दिलेलं ऐकिवात नाही.

वय हे कारण नव्हे याचा एक ढळढळीत पुरावा अमेरिकेच्या इतिहासात आहे. एडगर व्हिलचर यांनी १९५४ मध्ये अकूस्टिक रिसर्च या कंपनीतर्फे एआर-१ हा स्पीकर आणला. बंद पेटीतली हवाच स्प्रिंग म्हणून वापरायची, कोन मुद्दाम सैल टांगायचा, ही त्यांची कल्पना. तिच्यामुळे लहान पेटीतून खोल बास मिळू लागला. त्या कंपनीच्या सुरुवातीच्या वूफरांची कड लेप दिलेल्या कापडाची होती, पुढे १९७० च्या सुमारास ती फोमची झाली. आज काय दिसतं? जे वूफर वयाने मोठे, त्यांची कापडी कड शाबूत आहे, फार तर लेप वाळलेला असतो आणि तो पुन्हा द्यावा लागतो. जे धाकटे, त्यांचा फोम केव्हाच झडला. थोरला उभा आणि धाकटा पडलेला, तर दोष वयाला कसा द्यायचा? बीबीसीने १९७० च्या दशकात आपल्या फिरत्या ध्वनिमुद्रणासाठी घडवलेला एलएस३/५ए हा छोटा स्पीकर घ्या. त्याच्या वूफरची कड फोमची नाही, आणि त्या काळातल्या जोड्या आजही लोक रोज वाजवतात.

आता पूर्वपक्षाचा सर्वात जड मुद्दा: ‘आम्ही दुरुस्त करून घेतला, आवाज गेला.’ हा अनुभव मी शंभर टक्के खरा मानतो. त्याचं कारण आपल्या गावातल्या कारागिरीच्या घडणीत आहे. नाशिकच्या स्पीकर दुरुस्तीवाल्यांचा हात बसला आहे तो मंडपाच्या स्पीकरांवर. गणेशोत्सव, नवरात्र, लग्नसराई यांत अ‍ॅम्प्लिफायर आवाक्याबाहेर रेटले जातात, मोठ्या वूफरची कॉइल जळते आणि ती बदलून देणं हा त्यांचा मुख्य धंदा. त्या कामात कॉइल, स्पायडर, कोन, कड असं सगळं एकदम नवीन टाकतात, आणि त्या स्पीकरसाठी ते बरोबरच आहे. हे कारागीर ज्या वेगाने आणि सफाईने हे काम करतात ते पाहण्यासारखं असतं. पण घरच्या हाय-फाय वूफरला तोच उपाय लावला की अनर्थ होतो. तिथे फक्त फोम गेलेला असतो. मूळ कोन नेमक्या वजनाचा, नेमक्या लवचिकतेवर टांगलेला असतो, आणि पेटीचं माप त्याच हिशेबाने ठरवलेलं असतं. त्याच्या जागी जाड कागदाचा, ताठ कापडी कडेचा मंडपाचा कोन बसला की वूफरची स्वतःची कंपनसंख्या तीस-चाळीस हर्ट्झवरून कितीतरी वर चढते. पेटी तीच, मॅग्नेट तोच, पण खालचं अर्धं सप्तक नाहीसं. मालक म्हणतो, दुरुस्तीने आवाज जातो. वस्तुतः दुरुस्ती झालेलीच नसते, एका यंत्राच्या चौकटीत दुसरं यंत्र बसवलेलं असतं.

म्हणून माझं प्रतिपादन असं: स्पीकर अख्खाच्या अख्खा म्हातारा होत नाही. त्यातले दोन-तीन भाग ठरावीक, माहीत असलेल्या कारणांनी निकामी होतात. ते कोणते हे मोजून ठरवावं, तेवढेच बदलावेत, बाकीच्याला हात लावू नये. आणि यातलं बहुतेक काम घरच्या टेबलावर होतं.

मोजणं म्हणजे काय, ते सांगतो. आधी डावी-उजवी तार अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे अदलाबदल करावी. दोष त्याच पेटीत राहिला तर पेटीचा, दुसरीकडे गेला तर अ‍ॅम्प्लिफायरचा. मग मल्टिमीटर वूफरच्या खुंट्यांना लावावा. आठ ओहमचा वूफर साडेपाच ते सात ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर कॉइल किंवा कोनकडे जाणारी वेणीची तार तुटली आहे, आणि ती वेणी पुष्कळदा डाग देऊन जोडता येते. कोन दोन्ही हातांच्या बोटांनी सारख्या दाबाने आत ढकलून सोडावा. निःशब्द आला-गेला तर कॉइल मध्यावर आहे. जास्त खोलात जायचं असेल तर एक हजार ओहमचा रेझिस्टर मध्ये घालून मोबाइलमधल्या टोनच्या अ‍ॅपने वीस हर्ट्झपासून वर सरकत जावं आणि वूफरवरचं व्होल्टेज बघावं. जिथे ते शिखर गाठतं ती वूफरची स्वतःची कंपनसंख्या. दोन्ही वूफरांची ही संख्या जवळपास सारखी आली की दुरुस्ती जमली. ‘पहिला आवाज आला की नाही’ हा वाद मग भावनेवर सोडावा लागत नाही, आकड्याने मिटतो.

फोम बदलण्याचं काम चिकाटीचं आहे, अवघड नाही. मापात मात्र लोक फसतात. ‘आठ इंची’ म्हणून मागवलेला फोम बसत नाही, कारण आठ इंच हे चौकटीचं नाव झालं. कोनचा बाहेरचा व्यास, चौकटीचा आतला व्यास आणि फुगीर भागाची रुंदी अशी तीन मापं मिलिमीटरमध्ये घ्यावीत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली गाठली तर कुणीतरी वाट दाखवतं, आणि आता घरबसल्याही फोम मागवता येतो. मॅग्नेटच्या फटीत कचरा जाऊ नये म्हणून कोनचा मधला भाग झाकून जुना भुगा आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवून हळूहळू काढावा. डिंकाच्या निवडीत कोन कशाचा आहे हे पाहावं लागतं. कागदी कोनला आपला पांढरा फेव्हिकॉल प्रकारचा डिंक उत्तम. तो सावकाश वाळतो, त्यामुळे फोम सरकवायला वेळ मिळतो, आणि पुढेमागे काढताही येतो. पॉलिप्रोपिलीनच्या गुळगुळीत कोनला तो धरत नाही, तिथे त्या प्लास्टिकसाठीचाच डिंक लागतो. जुन्या इंग्लिश स्पीकरांचे बेक्स्ट्रीनचे कोन पॉलिस्टायरीनच्या जातीचे असतात, त्यांना रबर सोल्यूशनमधला द्रावक लागला तर ते विरघळतात. आणि फेव्हिक्विक या कामाच्या टेबलावर आणूच नये. ते कड ताठ करतं आणि चूक सुधारायला क्षणही देत नाही.

फोम आधी कोनला चिकटवून पूर्ण वाळू द्यावा. चौकटीला चिकटवताना कॉइल फटीच्या बरोबर मध्यावर हवी, आणि ती फट मिलिमीटरच्या अंशांत असते. जुनी पद्धत अशी की मधली टोपी कापून काढायची आणि कॉइलच्या आत फिल्मच्या पट्ट्या खोचायच्या. माझी पसंती दुसऱ्या पद्धतीला आहे, तिच्यात टोपी शाबूत राहते. डिंक ओला असतानाच तीस हर्ट्झचा टोन अगदी हलक्या आवाजात सोडावा, कोन एक-दोन मिलिमीटर हलू द्यावा, कान जवळ नेऊन ऐकावं आणि खरखर पूर्ण थांबेपर्यंत कड बोटाने किंचित सरकवत राहावी. मग चिमटे लावून रात्रभर सोडून द्यावं. श्रावणात हा डिंक लवकर वाळत नाही. नाशिकमध्ये हे काम दिवाळी ते होळीच्या दरम्यानच्या कोरड्या हवेत काढावं हे बरं. आणि एकाच वूफरचा फोम गेला असला तरी जोडीचे दोन्ही एकदम बदलावेत.

देखभालीचं थोडक्यात सांगतो. पावसाचा मारा खाणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला पेटी टेकवू नये. पेटीला मागे भोक असेल तर उंदीर-झुरळांसाठी आतून विरळ जाळी लावावी. पेटी बहुधा भुशाच्या पाट्यांची असते, तिच्या तळाशी वाळवी बघत राहावी. जड कोनचा वूफर काही वर्षांनी अर्धा फेरा फिरवून बसवावा, म्हणजे एकाच बाजूला झोल पडत नाही.

आता दुसऱ्या एका पक्षाचा समाचार घेणं भाग आहे. तो आपला मित्र म्हणून पुढे येतो आणि नुकसान तितकंच करतो. हा पक्ष म्हणतो, जुना स्पीकर वाचवायचा ना, मग आतला प्रत्येक कंडेन्सर बदला, तारा बदला, महागातले घाला. ही मंडळीही नकळत तेच गृहीत धरतात की जुनं झालं म्हणजे सगळंच बिघडलं. क्रॉसओव्हर म्हणजे वरचे स्वर ट्वीटरकडे आणि खालचे वूफरकडे वाटून देणारी छोटी पाटी. तिच्यावरच्या कॉइल आणि रेझिस्टर सहसा बिघडत नाहीत. प्लास्टिक फिल्मचे कंडेन्सर दशकानुदशकं आपलं मूल्य धरून राहतात. बिघडतात ते इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर, ज्यांच्या पोटात द्रव असतो. द्रव वाळतो, आतला रोध वाढतो, धारकता भरकटते. आठ ओहमच्या ट्वीटरसमोर ४.७ मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर असेल तर वाटणी साधारण ४,२०० हर्ट्झला होते. तोच भरकटून ६.५ झाला तर वाटणी ३,१०० च्या खाली घसरते, आणि ट्वीटरवर त्याच्या कुवतीबाहेरचे स्वर येऊन पडतात. तेव्हा कंडेन्सरचं एक टोक सोडवून मीटरने मोजावा, भरकटला असेल तरच बदलावा.

बदलतानाही एक विवेक लागतो. जुन्या इलेक्ट्रोलायटिकमध्ये तो नवा असतानाही थोडा रोध होता आणि कारखान्यातल्या अभियंत्याने ट्वीटरची पातळी तो रोध धरूनच ठरवली होती. त्या जागी जवळजवळ शून्य रोधाचा महागडा फिल्म कंडेन्सर घातला की ट्वीटर टोचायला लागतो. मग किशोरीताई आमोणकरांची तान सुरीसारखी लागते आणि मालक म्हणतो, बघा, आता कसं ‘डिटेल’ आलं! हे डिटेल नव्हे, बिघडवलेलं संतुलन आहे. जवळपास अर्ध्या ओहमचा एक साधा रेझिस्टर त्याच्याबरोबर ओळीत जोडला की मूळ तोल परत येतो.

राहिला मुद्दा नव्या छोट्या स्पीकरचा. त्यातली डिजिटल प्रक्रिया हुशारीची आहे, हे निर्विवाद. पण हवा ढकलायची तर पृष्ठभाग लागतो. आठ इंची वूफरचा कामाचा पृष्ठभाग दोनशे चौरस सेंटिमीटरच्या थोडा वर असतो, दोन इंची ड्रायव्हरचा पंधरा-वीसच्या आसपास. तेवढाच आवाज हवा असेल तर छोट्या कोनला दसपटीहून अधिक अंतर मागेपुढे व्हावं लागेल. शिवाय एक सप्तक खाली उतरलं की हे अंतर चौपट होतं. हे शक्य नसतं, म्हणून छोटे स्पीकर दोन उपाय करतात. एक म्हणजे निष्क्रिय पडदा बसवून एका अरुंद पट्ट्यात बास फुगवणं. दुसरा म्हणजे खालचा स्वर न काढता त्याचे वरचे भागस्वर ठळक करणं, म्हणजे मेंदू मूळ स्वर कल्पनेने भरून काढतो. सिनेमाच्या धमाक्याला हे चालून जातं. डग्ग्याला चालत नाही. तबलजी तळव्याने डग्ग्यावर जी मींड घेतो ती शंभर हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली सरकत जाते. तिचं सौंदर्य त्या सरकण्यात आहे. ती एका फुगवलेल्या पट्ट्यातून बाहेर पडली की ठेका धपधप वाजतो आणि मींड मधेच तुटते. नाशिक हे विष्णु दिगंबर पलुस्करांनी रामनाम आधार आश्रमासाठी निवडलेलं गाव. इथल्या घरांत गाण्याच्या कॅसेटी, सीडी आणि आता मोबाइलमधल्या मैफली यांचा साठा मोठा आहे. त्या ऐकणाऱ्याला हा फरक किरकोळ वाटू नये.

टिकाऊपणाची तुलना तर उलट्या बाजूलाच झुकते. ब्लूटूथ स्पीकरमधली लिथियम बॅटरी काहीशे वेळा चार्ज झाली की तिची क्षमता घटते, आणि ती बहुधा डिंकाने बंद केलेल्या कवचात असते. जुन्या पेटीला फक्त दोन खुंट्या असतात. राइस आणि केलॉग यांनी १९२५ मध्ये हलत्या कॉइलचा स्पीकर ज्या रूपात मांडला, त्याच तत्त्वावर ती चालते, आणि कालचा, आजचा, उद्याचा कुठलाही योग्य अ‍ॅम्प्लिफायर तिला चालतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली ती ग्राहकाला वस्तू उघडता यावी, पार्ट मिळावेत म्हणून. ही पेटी चार स्क्रू काढले की उघडते.

वाचवू नयेत अशाही पेट्या आहेत आणि त्यांची वकिली मी करणार नाही. १९९० च्या दशकात प्लास्टिकच्या खोक्यावर हजारो वॉट पीएमपीओ, म्हणजे जाहिरातीपुरती फुगवलेली ताकद, छापून विकलेल्या म्यूझिक सिस्टीम नव्या असतानाच निकृष्ट होत्या. पाणी पिऊन तळाशी फुगलेली भुशाची पेटी पुन्हा ताठ होत नाही. ट्वीटरची कॉइल जळली असेल आणि तिचा सुटा पडदा मिळत नसेल तर दुसरा ट्वीटर घालावा लागतो. मग क्रॉसओव्हरचा हिशेब पुन्हा करावा लागतो आणि तो स्पीकर मूळचा राहत नाही, हे मान्य करूनच करावं.

शेवटचा आक्षेप असा येतो की हे करणार कोण, एवढं बारीक काम कुणाला जमणार. हा प्रश्न नाशिकमध्ये विचारला जावा याचं मला आश्चर्य वाटतं. सातपूरच्या मायकोमध्ये, म्हणजे आजच्या बॉशमध्ये, डिझेल इंजिनाच्या इंजेक्टरच्या नोझल मायक्रॉनच्या मापात घडवत माणसं निवृत्त झाली आहेत. अंबडच्या टूलरूममध्ये, ओझरच्या विमान कारखान्यात असेच हात आहेत. सिडको, पाथर्डी फाटा, इंदिरानगर इथल्या घराघरांत हे लोक राहतात, आणि त्यांच्याच माळ्यांवर या पेट्या पडून आहेत. कमी आहे ती सामाईक साधनांची. एखाद्या वाचनालयाने किंवा ज्येष्ठ नागरिक संघाने एक मल्टिमीटर, एक कंडेन्सर मोजणारा मीटर, एक सोल्डरिंग आयर्न, फिल्मच्या पट्ट्या आणि एक जुना अ‍ॅम्प्लिफायर ठेवला, आणि महिन्यातली एक रविवारची सकाळ त्यासाठी मोकळी ठेवली, तर पहिल्या बैठकीत फक्त तारांची दिशा आणि कॉइलचे ओहम तपासून घ्यावेत. पुढच्या बैठकीला येताना ज्यांचा फोम झडला असेल त्यांनी कोनची तिन्ही मापं लिहून आणावीत.